पदवीचं करायचं काय?



संयोजकांचं निमंत्रण आलं, त्यात विषयही ठरवून आला होता : 'एक निष्ठावंत पदवीधर : डॉ. रजनीकांत आरोळे यांचे नेतृत्व आणि सेवा'. पत्र वाचलं आणि मी फोन लावला. म्हटलं, "बाई कुठं आहेत?" पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "कोणत्या बाई?" म्हटलं, "डॉ. मेबल आरोळे." तर ते अगदी मोकळेपणानं म्हणाले, "त्या आहेतच की त्यात!"

त्या आहेतच की त्यात. घराच्या पाटीवर नाव साहेबांचं, आणि बाई? आहेतच की त्यात. सातबाऱ्यावर नाव दाजींचं, आणि खुरपायला रोज कोण? आहेतच की त्यात. संयोजकांनी राग मानू नये, त्यांनी दुसऱ्या पत्रात दुरुस्ती केली आणि बाहेरच्या फलकावर आता दोन्ही नावं आहेत. पण मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, आजच्या विषयात पदवीधर दोन आहेत, आणि व्याख्यान संपेपर्यंत मी त्यात आणखी काही बायका आणून बसवणार आहे. त्यांच्याकडे पदवी सोडा, पहिलीचा दाखलासुद्धा नव्हता.

आधी या दोघांची ओळख करून देतो. रजनीकांत आरोळे आपल्याच जिल्ह्यातले, राहुरीचे, १९३४ सालचा जन्म. आईवडील दोघंही शिक्षक. मेबल इमॅन्युएल जबलपूरच्या, १९३५ सालच्या, वडील धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक. दोघांची गाठ पडली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. आयडा स्कडर नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरू केलेली ही संस्था. हे दोघं तिथं शिकत होते तेव्हा आयडाबाई थकलेल्या होत्या, पण हयात होत्या. १९५९ साली दोघंही एमबीबीएस झाले, तेही वर्गात अगदी वरच्या क्रमांकानं. १९६० साली लग्न झालं आणि लग्नाच्या दिवशीच दोघांनी ठरवलं की आपण खेड्यात जायचं, गरिबांत काम करायचं.

आता लग्नाच्या दिवशी आपण सगळेच काही ना काही ठरवतो. पुढं ते कुणाला आठवतं? (समोर हसू आलंय, म्हणजे काही जणांना आठवलं.) या दोघांना ते आठवलं. १९६२ च्या सुमारास ते आपल्या नेवासा तालुक्यात आले, वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात. नगरहून संभाजीनगरच्या रस्त्यानं जाताना घोडेगाव सोडलं की वडाळा लागतं. तुमच्यातल्या कित्येकांच्या आया-आज्या तिथं बाळंत झाल्या असतील.

आणि इथं मला पहिला मुद्दा मांडायचा आहे. १९६६ साली वेल्लोरच्या कॉलेजनं आपल्या या दोन माजी विद्यार्थ्यांचा सन्मान केला. ग्रामीण भागातल्या उत्कृष्ट कामासाठी पॉल हॅरिसन पुरस्कार दिला. आपण म्हणू, छान झालं. ज्या संस्थेनं शिकवलं तिनंच पाठ थोपटली, पदवीधराला आणखी काय पाहिजे? चौकटीत घालून भिंतीवर लावायचं आणि त्याच दवाखान्यात तीस वर्षं काढून सुखानं निवृत्त व्हायचं.

पण त्याच सुमाराला हे दोघं वडाळा सोडून निघाले. का? काम जमलं नाही म्हणून? काम तर उत्तम चाललं होतं. दवाखाना भरलेला असायचा. आणि नेमकी तीच गोष्ट त्यांना खटकत होती. दवाखाना भरलेला का आहे? हगवणीनं सुकलेलं पोर आलं की सलाइन लावायचं, चार दिवसांत पोर हसायला लागायचं, आई पाया पडून घरी न्यायची. घरी काय होतं? तेच पाणी, तीच उपासमार. काही दिवसांनी तेच पोर पुन्हा त्याच दवाखान्यात. येणाऱ्या आजारांपैकी बहुतेक आजार मुळात व्हायलाच नको होते, हा हिशेब त्यांनी मांडला. शिवाय दवाखान्यापर्यंत पोचत होतं कोण? ज्याच्याकडं बैलगाडी होती तो. ज्याच्याकडं नव्हती त्याचं पोर वाटेत नाही तर घरातच जात होतं, आणि त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नव्हती.

मला या माणसांबद्दल सगळ्यात मोठा आदर वाटतो तो इथं. ज्या कामासाठी सत्कार झाला ते काम अपुरं आहे, हे त्यांनी सत्काराची शाल अंगावर असतानाच ओळखलं. सोपं नाही हो हे! आपण शाल मिळाली की थंडी संपली असं समजतो. मी चाळीस वर्षं कॉलेजात शिकवलं. माझा सत्कार झाला त्या दिवशी, माझ्या शिकवण्यातून कोण कोण सुटून गेलं याचा हिशेब मला सुचला नव्हता. आज त्याची थोडी लाज वाटते.

ते अमेरिकेला गेले. दवाखान्यातलं पुढचं शिक्षण झालं आणि मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी. तिथं कार्ल टेलर नावाचे शिक्षक भेटले. टेलर भारतात जन्मलेले, पंजाबात नारंगवालला खेड्यांतल्या आरोग्याचा मोठा प्रयोग चालवणारे. त्या काळात अमेरिकेत राहिलेल्या भारतीय डॉक्टरांचं पुढं काय झालं, हे मी सांगायला नको. आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी आहे. हे दोघं १९७० साली परतले आणि थेट जामखेड गाठलं.

जामखेड! इथल्या तरुणांना जामखेड आता गाडीनं दीड-दोन तासांवर आहे. पण एक गंमत बघा. नगरहून जामखेडला जायचं तर कडा, आष्टी ओलांडावी लागते, म्हणजे जिल्हा सोडून बीडमध्ये शिरायचं आणि पुन्हा आपल्या जिल्ह्यात यायचं. आपल्याच घरातल्या खोलीत जायला शेजाऱ्याच्या ओसरीवरून वाट! सरकारी कागदावर जामखेड नगरचं, दुष्काळात मराठवाड्याचं, आणि योजना वाटताना कुणाचंच नाही, अशी तिथली जुनी तक्रार. खर्ड्याची लढाई १७९५ साली याच तालुक्यात झाली. आणि ज्यांच्या नावानं आता आपला जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्यादेवी याच तालुक्यातल्या चौंडीच्या, १७२५ सालच्या. अहिल्यादेवींनी देशभर घाट बांधले, विहिरी, बारवा बांधल्या. आणि १९७० साली त्यांच्या माहेरच्या तालुक्यात बाईमाणसाचा अर्धा दिवस पाण्यामागं जात होता. नाव देणं सोपं असतं. (टाळ्या नकोत, हे आपल्या सगळ्यांनाच लागू आहे.)

त्यांनी हा भाग निवडला कारण तो गरीब होता, आणि तिथल्या पुढाऱ्यांनी 'या' म्हटलं म्हणून. बोलावल्याशिवाय जायचं नाही हा त्यांचा नियम होता. राहायला, काम करायला काय मिळालं? गुरांचा जुना, बंद पडलेला दवाखाना. वेल्लोर आणि हॉपकिन्सची पदवी घेतलेले दोन डॉक्टर गुरांच्या दवाखान्यात माणसं तपासायला बसले.

आणि संध्याकाळी? डॉक्टर व्हॉलीबॉल खेळायला जायचे. हसू नका, या गोष्टीसाठी मी पाच मिनिटं राखून ठेवली आहेत. गावात शिरायचं तर सभा घ्यावी, असं आपल्याला वाटतं. सभा घेतली की काय होतं? पाटील खुर्चीवर, मधले लोक सतरंजीवर, आणि मांग-महारवाड्यातली माणसं पार लिंबाखाली, ऐकू येईल न येईल अशा अंतरावर. (त्या काळचे शब्द त्या काळच्या क्रूरपणासाठी वापरतोय, माफ करा.) सभेत गावाची उतरंड जशीच्या तशी बसते. पण जाळं बांधलं, दोन्हीकडं सहा-सहा गडी उभे केले आणि चेंडू वर उडाला, की तो कुणाच्या हाताला लागून आला हे बघायला वेळ नसतो. तोच चेंडू, तीच धूळ, शेजारी घामाघूम कोण आहे ते नंतर कळतं. खेळून झालं की माणसं तिथंच टेकायची आणि बोलणं निघायचं. पोरं का मरतात, पाणी कुठं आहे, ज्वारी का जळाली. यातूनच पुढं गावोगाव शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. डॉक्टरकीच्या कुठल्या पुस्तकात व्हॉलीबॉल आहे? पदवीनं हे शिकवलेलं नव्हतं. पदवी असूनही त्यांना हे सुचलं, असं मी म्हणेन.

मग आला ७२ चा दुष्काळ. समोर जे पांढऱ्या केसांचे आहेत त्यांना त्याबद्दल सांगायची गरज नाही. सुकडी, मिलो, खडीची कामं, आणि आपल्याच गावाच्या रस्त्यावर फावडं घेऊन उभे असलेले आपले वडील. त्या काळात आरोळ्यांनी गावोगाव कूपनलिका घेतल्या. पाणी कुठं लागेल हे भूगर्भतज्ज्ञ सांगायचा. आणि हातपंप कुठं बसवायचा? शक्य तिथं दलित वस्तीत. ज्या माणसांना आजवर विहिरीपासून हात राखून उभं राहावं लागत होतं, ओंजळीत वरून पाणी ओतून घ्यावं लागत होतं, त्यांच्या दारात आता पंप. पाणी पाहिजे? मग चला तिकडं घागर घेऊन. भाषण नाही, मोर्चा नाही, एक लोखंडी दांडा. पहिल्या दिवशी कुणीच आलं नसेल. पण तहान फार दिवस सोवळं पाळत नाही.

हे आरोग्याचं काम आहे की समाजसुधारणेचं? असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला, आजही परीक्षेत विचारतील. मला तो प्रश्नच निरर्थक वाटतो. बाळाला जुलाब पाण्यातून होतात आणि पाणी जातीत अडकलेलं आहे, तर जुलाबाचं औषध कुठं ठेवायचं, सांगा?

आता मी माझ्या मुख्य गोष्टीकडं येतो. इतका वेळ डॉक्टरांचं कौतुक झालं, आता त्यांच्या चुकीबद्दल बोलू. चूक मी म्हणतोय, त्यांनी स्वतःही ती लपवली नाही. गावात आरोग्य पोचवायचं तर गावात शिकलेलं माणूस पाहिजे, हा त्यांचा पहिला विचार. म्हणून त्यांनी नर्सेस ठेवल्या. शिकलेल्या, तरुण मुली, बाहेरगावच्या. आणि ते जमलं नाही. एकटी तरुण पोर परक्या गावात राहणार कुठं? रात्री-बेरात्री तिला कोण सोबत? आणि चार पोरांची आई, जिची सासू दारात बसलेली आहे, ती त्या वीस वर्षांच्या अविवाहित मुलीकडून बाळंतपणाचा सल्ला घेईल? तोंडावर 'हो ताई' म्हणेल आणि ताईची पाठ वळली की सासूचंच ऐकेल.

मग गावकऱ्यांकडूनच सूचना आली : आमच्याच गावातली बाई शिकवा की. आणि इथं खरी परीक्षा झाली पदवीची. कारण गावातली बाई म्हणजे कोण? निरक्षर. बहुतेकदा दलित. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. तिला काय शिकवणार? आणि त्याहून अवघड प्रश्न : काय काय शिकवणार? सगळं? की वरवरचं? 'आजार दिसला की दवाखान्यात पाठव' एवढंच?

मी थोडा वेळ माझ्या आजीकडं जातो. आजी कर्जत तालुक्यातली. तिला अकरा बाळंतपणं, त्यातली पाच जगली. तिच्या तोंडून हे मी ऐकलेलं आहे. नाळ विळ्यानं कापायची. कुठल्या विळ्यानं? ज्यानं सकाळी कडबा कापला त्याच. पहिले तीन दिवस बाळाला आईचं दूध नाही, चीक वाईट असतो म्हणून पिळून टाकायचा. मग पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. आणि आठवड्याच्या आत काही बाळं दूध ओढेनाशी व्हायची, जबडा आवळायचा, अंग धनुष्यासारखं ताठ. "सटवाईनं काय लिवलं कुणास ठाऊक," असं म्हणून आजी गप्प व्हायची. सटवाईनं काही लिहिलेलं नव्हतं हो. विळ्यानं लिहिलेलं होतं. धनुर्वात. आजीला ते कधी कळलं नाही, आणि मला कळलं तेव्हा तिला सांगायचा धीर झाला नाही. सहा लेकरं गमावलेल्या आईला म्हातारपणी हे कसं सांगणार?

तर प्रश्न असा की हे ज्ञान, की नाळ स्वच्छ पात्यानं कापावी आणि स्वच्छ दोऱ्यानं बांधावी, त्यासाठी एमबीबीएस लागतं का? जुलाब झालेल्या पोराला उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून घोटघोट पाजत राहायचं, त्याला लागतं? पोटुशी बाईच्या पायाला सूज आली, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, म्हणजे धोका आहे, लगेच दवाखाना, एवढं ओळखायला? ज्या गोष्टी खेड्यात माणसं मारत होत्या त्यातल्या बहुतेक अशाच होत्या. आणि ते ज्ञान कुठं होतं? कॉलेजात, पदवीच्या कुलपात, इंग्रजीत.

आरोळे दाम्पत्यानं ते कुलूप काढलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. दवाखाना अनेकांनी काढला. दुष्काळात अन्नछत्र अनेकांनी घातलं. पण आपल्या पदवीची मक्तेदारी आपण होऊन मोडायची, आणि तीही निरक्षर बायकांच्या हाती देऊन, हे फार थोड्यांना साधलं. वकील आपला कायदा देईल का असा? आम्ही प्राध्यापकांनी आपला विषय दिला का? विद्यार्थ्याला कळेल अशी एक ओळ लिहायची वेळ आली की आमचा हात जड होतो.

गावानं बाई निवडायची आणि तिनं आठवड्यातून एकदा जामखेडला यायचं, मुक्कामाला. शिकवायचं कसं? अक्षर येत नाही म्हणजे गाणी, गोष्टी, नकला, चित्रं. आणि प्रश्न : तुमच्याकडं काय करतात? का करतात? म्हणजे आधी बाईला बोलू द्यायचं. कुणी सांगे, जुलाब झालं की पाणी बंद करतात, कारण पाणी दिलं की जुलाब वाढतो. बरं, मग पोराची टाळू खाली गेलेली दिसते का? हो, दिसते. त्यावर काय करता? टाळू भरतो. तेल घालतो. मग तळाला भोक असलेलं एखादं भांडं घेऊन दाखवायचं की वरून पाणी घातलंच नाही तर भांड्याचं काय होतं. बाईला ते क्षणात कळायचं, कारण तिचं सगळं आयुष्य भांड्यात पाणी राखण्यात गेलेलं.

आणि रात्र? जामखेडमध्ये ही गोष्ट आवर्जून सांगतात. या सगळ्या बायका, मराठा, दलित, मुसलमान, एका खोलीत जमिनीवर झोपायच्या. पहिल्या पहिल्यांदा जातवार कोपरे धरून. शिळं सोवळं गाठोड्यात बांधून आणलेलं. मग पांघरायला एकच भलीमोठी गोधडी शिवली गेली, सगळ्यांना मिळून. थंडीत आता कोपरा धरून बसणार कुठं? ज्यांनी गोधडी शिवलेली आहे त्यांना माहीत आहे, गोधडीत कुणाच्या लुगड्याचा तुकडा कुठं गेला हे शिवणारीलाही पुढं सांगता येत नाही.

परिणाम काय झाला? १९७१ च्या सुमाराला या भागात हजार जन्मांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला आणि वीसएक वर्षांत तिशीच्या आत. १७६ म्हणजे काय? दर सहा पाळण्यांमागं एक रिकामा. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या निवडक प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याची जी घोषणा झाली, तिच्यामागं जे प्रयोग होते त्यांत आपला हा तालुका होता. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कशासाठी, माहीत आहे? वैद्यकासाठी नाही. समाजनेतृत्वासाठी. १९९० साली डॉक्टरांना पद्मभूषण. (बाईंचं काय? आहेतच की त्यात!)

पण या सगळ्या सन्मानांपेक्षा मला एक वेगळा प्रसंग मोठा वाटतो. १९८८ साली वॉशिंग्टनमध्ये जागतिक आरोग्यावरची एक मोठी परिषद भरली होती. तिथं जामखेडच्या मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या, गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून. सभागृहात वर झुंबरं लखलखत होती. मुक्ताबाईंनी त्यांच्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या की डॉक्टर हे या झुंबरांसारखे, सुंदर, महाग आणि उंचावर टांगलेले. मग त्यांनी साध्या वातीचे दोन दिवे काढले, एक पेटवला आणि त्याच्यावर दुसरा पेटवून दाखवला. झुंबराला हे जमत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. सभा उठून उभी राहिली. आता मला सांगा, त्या टाळ्यांत वेल्लोरची पदवी कुठं होती? मुक्ताबाईंनी झुंबर म्हणून ज्यांच्याकडं बोट दाखवलं त्यांत त्यांचे स्वतःचे गुरूही आले. आणि आपल्या शिष्येनं भर सभेत असं म्हणावं, इतकं बळ गुरूंनीच तिला दिलेलं होतं.

आता थोडं कडू बोलतो, कारण नुसतं गोड बोलून घरी जाणं हे या दोघांनाच आवडलं नसतं.

पहिलं. आपण यांना 'त्यागमूर्ती' म्हणतो. हा शब्द मला आवडत नाही. त्याग म्हटलं की आपण मोकळे. ते थोर, आपण सामान्य, हार घातला, चहा प्याला, संपलं. त्यांनी अमेरिका सोडली हे आपण शंभरदा सांगतो. त्यांनी आपल्या धंद्याची मक्तेदारी सोडली हे कुणी सांगत नाही, कारण ते सांगितलं तर प्रत्येक पदवीधराला आपापल्या धंद्याकडं बघावं लागेल. सरकारनंही बघितलं नाही. १९७७ साली केंद्रानं देशभर गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांची योजना काढली. जामखेडसारखे प्रयोग डोळ्यांसमोर असताना निवडले कोण? बहुतेक पुरुष! बाळंतिणीच्या खोलीत ज्याला पाऊल टाकता येत नाही तो. जामखेडचं नाव घेतलं आणि जामखेडचा जीव तेवढा वगळला.

दुसरं, आणि हे मी जपून बोलतो. जामखेडच्या या कार्यकर्त्या बायकांना ठरलेला पगार नव्हता. त्यामागचा विचार मला कळतो. पगार आला की बाई गावाची राहत नाही, खात्याची होते. त्याऐवजी त्यांना शेळ्या, छोटे धंदे, कर्ज अशी स्वतःच्या पायावर उभं राहायची वाट दिली गेली, आणि कित्येकींनी घरं उभी केली. तरीही माझ्या मनात एक कुसळ राहतं. डॉक्टरांच्या सेवेला मानधन आणि बाईच्या सेवेला मान, ही वाटणी आपल्या समाजाला जरा जास्तच सोयीची आहे. २००५ नंतर आशाताई आल्या. जामखेडचं बी कुठंतरी त्यात आहेच. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा सन्मान केला, नेतृत्वाचा सन्मान म्हणून. आणि त्याच आशाताई मानधनासाठी आझाद मैदानावर उन्हात बसलेल्या आपण बघितल्या. हा सन्मान खरा की ते ऊन खरं? आरोळ्यांचा प्रयोग यातून सुटतो असं मी म्हणणार नाही. हा वाद त्यांच्या कामातूनच पुढं आलेला आहे आणि तो आपण घालायला पाहिजे.

मेबलबाई १९९९ च्या सप्टेंबरात गेल्या. डॉक्टर २०११ च्या मे महिन्यात. काम थांबलं नाही, पुढची पिढी ते चालवते आहे. मी मागं एकदा तिथं गेलो होतो, या व्याख्यानाच्या बऱ्याच आधी. प्रशिक्षणाची खोली होती. खाली चटईवर बाहेरून शिकायला आलेले काही तरुण डॉक्टर बसलेले, मांडीवर वह्या, नवे कोरे स्टेथोस्कोप. समोर साठीच्या पुढची एक बाई, हिरवं नऊवारी, हातात काचेच्या बांगड्या, मांडीवर कुणाचं तरी पाच-सहा महिन्यांचं पोर. बाई बोलत होती, दुभाषी सांगत होता, आणि पोरं लिहून घेत होती. एक तरुण पुढं झुकला आणि त्यानं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. टाळू बघायला. बोटं जरा जोरात टेकली असावीत.

बाईनं त्याचा पंजा धरून उचलला, त्याची दोन बोटं वेगळी केली आणि पुन्हा टाळूवर नेऊन ठेवली.

"हलक्या हातानं, डॉक्टर," ती म्हणाली. "तिथं हाड नसतंय अजून."

दुभाष्यानं भाषांतर करायच्या आधीच त्या मुलानं बोटं सैल केली होती.